उणे एकतीस

डिसेंबरात इनारीला सूर्य उगवत नाही.
त्या बदल्यात पौर्णिमेच्या आसपास
चंद्र दोन-तीन दिवस मावळतच नाही,
नुसता फिरत राहतो गोठल्या सरोवराभोवती
खुंट्याला बांधल्यासारखा.

नीलास त्याच्याकडे बघतही नाही.
भरल्या चंद्रात काय बघायचं, म्हणतो,
सावल्याच नाहीत, सगळं सपाट.

दुर्बीण त्यानं तासभर आधीच बाहेर ठेवलीय,
नळीलाही थंडी अंगवळणी पडावी लागते.
भिंगं मात्र काखेत, लोकरीच्या आत,
अंडी उबवावीत तशी.

"श्वास रोखून बघ. गुरूवर धुकं आणू नकोस."
रोखते.
थरथरता पिवळा ठिपका, दोन पुसट पट्टे,
आणि एका रेषेत तीन चंद्र.
तीनच?
"चौथा मागे गेलाय.
कॉफी संपेपर्यंत येईल."

कॉफी संपते.
पायाखाली, खूप खोल, बर्फ कण्हतो.
हा माणूस शाळेची बस चालवायचा.
नऊ वर्षं मी रोज उशिरा,
एका हातात बूट, तोंडात पावाचा तुकडा,
आणि इंजिन चालू ठेवून तो उभा.
कधी हॉर्न वाजवला नाही.

आता थांब्यावर आम्ही दोघं.

पापणी धातूला चिकटते, सोडवताना
एक केस तिथेच राहतो,
आणि गुरूच्या अगदी कडेला
टाचणीच्या टोकाएवढं
काहीतरी

"आला?"

मी बोलत नाही.
श्वास अजून रोखलेला आहे.