मानसूचं पावतीपुस्तक

दर गुरुवारी रात्री साडेअकराला नवा भाग येतो
आणि नेमकं तेव्हाच, एम.वाय.समोरच्या आमच्या लॅबमध्ये
कुणीतरी बाटली आणून देतं, झाकणाशिवाय.
मी झाकण शोधतो, नाव लिहितो,
मोबाईल ड्रॉवरमध्ये उघडा ठेवतो
आणि अंगठ्याने कोरिया वर सरकवतो,
विहिरीत पोहरा सोडावा तसा, खाली, खाली.

नायक चो मानसू. गोदामातला हिशेबनीस.
एका सोमवारी झेरॉक्सच्या यंत्राने त्याला ओढून घेतलं
आणि दुसऱ्या जगात बाहेर काढलं, जरा फिकट.
बरोबर आणखी तिघे पडले.
एकाला विजेची तलवार, एकीला गरुडाचे डोळे,
एकाला मरूनही न मरण्याची सोय.
मानसूला पावतीपुस्तक.
कार्बन कागदासकट.

बळ : दोन. वेग : तीन.
हुशारी : मोजमाप चालू आहे, कृपया थांबा.

राक्षस आला की तिघे आरोळी ठोकून पुढे धावतात,
हा मागे बसून कांद्याची पात चिरतो.
आधी मी हसलो.
विसाव्या भागापर्यंत तो रामबागेतला वाटायला लागला,
पोह्यांवर जिरावन जास्त मागून
त्याचे वेगळे पैसे द्यायला निघणारा.

एकेचाळिसाव्या भागात ड्रॅगन आला.
तलवार वितळली. धुराने गरुडाचे डोळे आले.
न मरणारा तिसऱ्यांदा मेला
आणि कंटाळून तसाच पडून राहिला.
मानसू उठला. चित्रकाराने त्याच्या गुडघ्यांभोवती
थरथरीच्या इतक्या रेघा मारल्यात की गुडघे दिसतच नाहीत.
त्याने विचारलं,
जेवलात का?

मग तीन चौकटी नुसतं पांढरं.
चारशे वर्षांत ड्रॅगनला हे कुणी विचारलं नव्हतं.

हे वाक्य कोरियनमधून इंग्रजीत आलं,
तिथून कुण्या भल्या माणसाच्या हिंदीत,
माझ्या डोक्यात शिरताना मराठी झालं,
आणि वाटेत थेंबभर सांडलं नाही.
आमची सुलभाआत्या पलासियाहून राजवाड्याला जाईस्तोवर
नऊ जणांना हेच विचारायची. त्यातला एक तर पुतळा होता,
तिला चष्मा लागायच्या आधीची गोष्ट.

तर परवाचा गुरुवार.
चौकात दोन गाड्या एकमेकींना लागल्या
आणि माणसं आमच्या काउंटरला.
एकाच्या हातात हेल्मेट, उगारलेलं.
दुसऱ्याने सलाइनचा स्टँड उचलला.
“जानता है मैं कौन हूँ, भिया?”
गार्डला त्याच क्षणी तंबाखूची आठवण झाली.

माझं बळ : दोन.
वेग, डाव्या गुडघ्यामुळे, दीड.
ड्रॉवरमध्ये मानसू पात चिरत होता, मान वर न करता.

मी टोकनचं बटण दाबलं.
हेल्मेटवाल्याला सत्तेचाळीस, स्टँडवाल्याला अठ्ठेचाळीस.
म्हटलं, मारामारी नंबरानं होईल.
आधी सेहेचाळीस. ह्या आजींचं रक्त काढायचंय.

हातात चिठ्ठी आली की माणूस चिठ्ठी वाचतो.
वाचायला हेल्मेट खाली ठेवावं लागतं.
तेवढ्यात विचारून घेतलं, जेवलात का?

“नाही,” सत्तेचाळीस म्हणाला.
“सराफ्यातच चाललो होतो,” अठ्ठेचाळीस म्हणाला.
“मीपण,” सत्तेचाळीस म्हणाला, आणि स्वतःवरच चिडला.

मी डबा उघडून पुढे केला. गिलक्याची भाजी.
दोघेही एक एक पाऊल मागे सरले.
एवढी धार कुठल्या तलवारीला नसेल.

गेले. एकाच गाडीवर,
कारण दुसरी चालू होत नव्हती.
आजींनी बाही सरकवत मला विचारलं,
“आणि तू रे?”
मी सुई शोधण्यात फार गर्क असल्याचं दाखवलं.

पुढचा भाग कुलूपबंद आहे, तीन नाणी मागतोय.
हेल्मेट अजून काउंटरखाली पडलंय.
त्यावर मी पावती चिकटवली आहे:
मिळाले, एक नग, ओरखड्यांसकट.
खाली सही. कार्बन प्रत माझ्याकडे.