मीठ, अमोनिया व किरकोळ

ससून डॉकच्या पाठीमागे, बर्फाच्या कारखान्यात
कॉम्प्युटर तापतोय, असा फोन आला
तेव्हा मी आधी हसून घेतलं.

हिशेबनीस हरेश्वर वैती हसले नाहीत.
त्यांनी कॅबिनेटमागे घमेल्यात फोडलेला बर्फ ठेवला होता,
घमेल्यापुढे टेबलफॅन,
तरी रोज लाद्यांचा हिशेब अर्ध्यावर आला की पडदा काळा.
"काल बावीस होड्या गेल्या, ताई.
कुणी किती उचलला, आता कुणाच्या शब्दावर लिहू?"

आकडा पाहिला. सत्त्याण्णव.
खिडकीबाहेर चुरा झालेला बर्फ
घसरगुंडीवरून होडीच्या पोटात धडधडत होता.

घमेलं आधी बाहेर न्यायला लावलं.
ओल धरलेला पत्रा काढला. आत मीठ प्यायलेली धूळ,
आणि पंख्याच्या पात्याला चिकटून
कधीपासून गरगरत असलेला एक खवला.

चार स्क्रू, तिरपे, थोडे थोडे सैल.
हीटसिंक सुटेना. इथे जोर करायचा नसतो,
लोणच्याच्या बरणीचं झाकण हट्टाला पेटलं की
आपण जरा इकडे, जरा तिकडे करतो, तसं.
सुटला. खाली सहा वर्षांची पेस्ट,
पानाच्या डब्यात विसरलेल्या चुन्यासारखी भेगाळलेली,
कडांना हा जाड थर.
कुणीतरी तेव्हा अख्खी ट्यूब पिळली होती.
जास्त लावलं की जास्त गार,
हा चांगल्या माणसांचा गैरसमज.

स्पिरिट, जुन्या बनियनची चिंधी.
काळं येतं, करडं येतं, मग काही येत नाही.
"गुळगुळीत आहे की," वैती म्हणाले, "मग मधे काही कशाला?"

दिसतो गुळगुळीत. टेकतो चार-दोन ठिकाणी,
बाकी हवाच.
मला हे नीट सांगता येईना.
दारात बाबू तांडेल उभा, कॉम्प्रेसरवरून आलेला,
कपड्यांना अमोनियाचा डोळे चुरचुरवणारा वास.
"डब्याभोवती मीठपाणी कमी पडलं
की लादी वरून कडक, मधे पाणी. तेच ना?
थंडी कोण बनवतंय! आपण गरमी हलवतो,
इकडची तिकडे. वाटेत पोकळी नको."

तेच.
सतरा वर्षांत एका गिऱ्हाइकाने म्हटलं नव्हतं.

मधोमध एक ठिपका.
"साबुदाण्याएवढाच?"
भिजवलेल्या, म्हटलं. कोरड्या नाही.
वरून दाबलं. पसरला असणार.
हे काम बघायला मिळत नाही कधी,
झाकलं की बरं-वाईट आतच.

एकसष्ट.
वैती वीस मिनिटं खुर्चीच्या कडेवर बसून राहिले.
साठ.
मग होड्या भरू लागले, आठवून आठवून.
'जलकन्या' दोनदा आली.
"दोन आहेत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

पैसे देताना अडले. खातं कुठलं?
दुरुस्तीचं खातंच नव्हतं कधी.
"बर्फात टाक," तांडेल म्हणाला.
शेवटी गेलं 'मीठ, अमोनिया व किरकोळ'मध्ये.
वहीत सही करताना
अंगठ्यावरची करडी पेस्ट समासात उमटली,
रेघा, आणि रेघांमधल्या खाचा.
एवढ्या.

"घमेलं आणू परत?"
नको म्हटलं.
जिना उतरताना वळून पाहिलं, तर आणलं होतंच.
फक्त फॅन
त्यांनी आता स्वतःकडे वळवला होता.