चार आकडे

गंगवाल स्टँडवरून साडेसातची बस,
देपालपूरच्या अलीकडे उतरायचं,
मग दीड किलोमीटर लसणाच्या वासातून.
मंगळवार, हप्त्याचा दिवस.
समूहाच्या अकरा जणी शाळेच्या ओट्यावर
आधीच येऊन बसलेल्या,
रजिस्टर उघडं, शाईचा पॅड सुकलेला.

आज पिन ठरवायचा, मी सांगते.
माझी मराठी वळणाची हिंदी, त्यांची माळवी,
मध्ये कुठेतरी आमचं जमतं.
चार आकडे. कुणालाच सांगायचे नाहीत.
नवऱ्याला?
नाही.
पोराला? फोन तर त्यानंच आणलाय.
त्यालाही नाही.
आणि तुला?
मलाही नाही. बँकेलासुद्धा नाही.

ओटा गप्प.
मग गेंदाबाई, तंबाखू मळता मळता:
कुणालाच सांगायचं नाही
असं आपल्याकडे असतं तरी काय?

धापूबाई सगळ्यांच्या मागे.
चार मुलींवर पाचवी झाली
म्हणून नाव धापू. पोट भरलं, आता पुरे.
आधारवर जन्म एक जानेवारीचा,
मास्तरांनी अर्ध्या गावाला तोच वाटलेला.
लग्नाचं साल?
त्या वर्षी गारा पडल्या होत्या, एवढं पक्कं.

तिच्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला,
त्यावर बारा आकडे.
तिच्या आधारवरही बाराच.
सरकारनं दोघींना एकाच मापानं मोजलं, म्हणते,
फक्त दूध तिचं जास्त.
म्हैस समूहाच्या कर्जातली:
चाळीस हजार, चोवीस हप्ते, सतरा फिटले.
एक चुकला होता, तो भंवरीनं भरला
आणि दोन महिने पाणवठ्यावर बोलून दाखवला.

तिची पाळी आली तशी
मी भिंतीकडे तोंड केलं.
भिंतीवर बाराचा पाढा, चौऱ्याऐंशीपर्यंत,
पुढचा पोपडा निघालेला.
मागे टिक. टिक.
मग बराच वेळ काहीच नाही.
टिक.
टिक.
पुन्हा एकदा घाला, म्हणाला फोन.
या वेळी ती अडखळली नाही.
कुठून उचलले तिनं हे चार,
बिल्ल्यावरून, गारांतून, की आणखी कुठून,
मला ठाऊक नाही.
ठाऊक नसणं हेच माझं काम.

पुढच्या मंगळवारी कळलं,
पोरानं पिन मागितला. दोनदा.
दुसऱ्यांदा ताट सरकवून.
विसरले रे, म्हणाली धापूबाई,
म्हाताऱ्या बाईच्या काय लक्षात राहतं.
हे सांगताना तिनं डेअरीचे सहाशे चाळीस
माझ्यासमोर उघडून दाखवले
आणि फोन चोळीत सरकवला,
पूर्वी तिथे किल्ली असायची.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली.
सहज आठवून पाहिला माझा पिन:
ह्यांचा वाढदिवस.
ह्यांनीच घालून दिलेला,
नवा फोन घेतला त्या संध्याकाळी,
तुझ्या लक्षात राहायचं नाही म्हणून.

चंदननगरच्या सिग्नलला बस थांबली.
पडद्यावर चार रिकामे गोल,
आणि माझा अंगठा
वर धरलेला.