ई-रीडर, नुसता वायफायचा

दुकानदार म्हणाला, सिमचा घ्या,
कुठेही पुस्तक उतरतं.
कुठेही म्हणजे कुठे?
धोपाव्याच्या धक्क्यावर एक दांडी,
फेरीबोट सुटली की तीही जाते.
घेतला नुसता वायफायचा.

आता शनिवारी दापोलीत,
मुरुडकरांच्या झेरॉक्सच्या दुकानात पासवर्ड मागून
आठवड्याचं भरून घेतो,
तांडेल बर्फ भरतो तसं,
अंदाजाने.

परवा अंदाज चुकला.
भर खाडीत पहिला खंड संपला.
खून झालेला,
खुनी दुसऱ्या खंडात.
तिकिटं फाडताना
मी प्रत्येकाचे हात बघत राहिलो.
शमसू खलाशी म्हणाला, काय झालं,
सुटे नाहीत?

शनिवारला अजून चार दिवस होते.
इतका वेळ मी कुठल्याच पुस्तकात
राहिलो नव्हतो.