भाग क्रमांक एकशे सत्त्याऐंशी

अण्णा भूतकथा लिहायचे. पानाला बारा आणे.
शिवडी नाक्यावरच्या इराण्याकडे बसून,
पाळी सुटल्यावर, कानांत साचा घरघरत असतानाच.
समंध, खवीस, झोटिंग, विहिरीतल्या आसरा,
सगळी कोकणातून बोटीनं आलेली,
भाऊच्या धक्क्यावर उतरून
आमच्याच दहा बाय दहात वाढलेली.
मला म्हणायचे, 'पाय उलटे दे हवं तर,
पण मागणी सरळ दे.
ज्याला काही नको ते भूत नाही, नुसती हवा.'

पुढाऱ्यांची भाषणंही लिहायचे.
बावटे बदलायचे, अक्षर तेच.
मैदानात टाळ्या पडत
आणि अण्णा मागच्या रांगेत ओठ हलवत उभे,
दुसऱ्याच्या तोंडातलं आपलं वाक्य
परत गिळत.

मी पालिकेच्या शाळेत भूगोल शिकवते.
सुट्टीत हातात मतदार यादी देतात:
घरोघर जा, मेलेले खोडा.

खोली अठरा. धाकू सखाराम घाग, वय एकशे नऊ.
चाळच नाही, तर खोली कुठली.
तिथे आता टॉवर आहे, आणि लिफ्टमध्ये
बारानंतर थेट चौदा.
एवढी शिकलेली माणसं एका आकड्याला भितात.
साचेखात्यात ज्याचा हात गेला
त्याला मात्र इथे कुणी भीत नाही.

त्याही आधी इथे प्लेगची छावणी होती म्हणे.
खरं-खोटं अण्णांनाच ठाऊक.
गोष्टीत त्यांनी तिथे एक बाई ठेवली होती,
सोजीर जाळतील म्हणून
नवऱ्याचं अंथरूण पोटाशी धरून
रात्रभर जिने बदलणारी.
संपादकानं ती कापली. 'हिची भीती नाही वाटत,' म्हणाला,
'वाईट वाटतं. ते आपल्या वाचकाला नको.'

आपल्या भाषेत कालचा दिवस आणि पिशाच
एकाच शब्दात राहतात,
एका खोलीत दोन बिऱ्हाडं राहावीत तसे,
मधे लुगड्याचा पडदा.
नाक्यावरच्या सभेत भूतपूर्व आमदार म्हणाले,
'गिरणगावाचा आत्मा जिवंत आहे!'
मी यादी चाळून पाहिली.
होता. पण पत्ता चुकीचा.

संक्रमण शिबिरात द्वारकाबाई मुणगेकर.
यादीत त्यांच्यासमोर: मयत.
दार त्यांनीच उघडलं.
'मेलेल्या बाईच्या हातचा चा चालेल ना? साखर किती?'
मी म्हटलं, फॉर्म भरा, हयातीचा दाखला जोडा.
'जिती असेन तर दाखला कशाला,
आणि मेले असेन तर आणू कशी गो?'
तरी भरला. अंगठा लावला.
शाई पदराला पुसली, आणि मला
दोन कोकमाची सोलं पुडीत बांधून दिली.

अनुक्रमांक सहाशे बारा: भिकाजी लक्ष्मण चेंदवणकर.
अण्णा. तीन वर्षं झाली.
लाल पेन दर वेळी तिथे येऊन कोरडं पडतं.
संपानंतर त्यांनी कधी मत दिलं नाही.

मतदानाच्या संध्याकाळी केंद्रावरच्या एका ओळखीच्या बाईंनी
वही मिटण्याआधी पान माझ्याकडे वळवलं.
सहाशे बारा. सकाळी अकरा दहा.
सही ठसठशीत, 'चें'वरची मात्रा
छत्रीसारखी पुढच्या अक्षरावर ओढलेली.
अण्णा तशी ओढत नसत.
कुणीतरी लिहिली होती त्यांच्यासाठी,
जशी ते लिहायचे कुणाकुणासाठी.
पानाला बारा आणे.
बोटाला काय दर पडला, मी विचारलं नाही.

हसू आलं खरं. मग घरी येऊन पिशवी उलटी केली:
खडू, यादी, कोकमाची पुडी,
आणि तळाशी घडी मोडलेला
द्वारकाबाईंचा फॉर्म,
जो मी द्यायचा विसरले होते.
अंगठ्याची रेघ न् रेघ दिसते त्यावर.
पाय सरळ आहेत तिचे, मी पाहिलेत, चपला निळ्या.
मागणीही सरळ.