झडप

शाहूपुरीत पहिल्यांदा गॅस भरला, अठराशे.
शिरोली नाक्यावर दुसऱ्यांदा,
तिथला पोरगा म्हणाला, कॉइल गेलीय साहेब,
चौदा हजार, गाडी दोन दिवस ठेवा.
दोन दिवस कुठले ठेवणार?
मंगळवार, गुरुवार, शनिवार आईचं डायलिसिस.

बटण निळ्यावर, पंखा चारवर,
आणि तोंडावर येणारी हवा
भाकरी उलथताना येते तशी.
आई पदर नाकावर धरून बसायची.
दसरा चौकात सिग्नलला एकदाच म्हणाली,
"हिला ताप आलाय काय रे?"

मग उद्यमनगर. लेथच्या गल्लीत
शेवटून तिसरं शेड, इलाही शिकलगार.
आजा तलवारींना धार लावायचा म्हणे,
नातवाच्या भिंतीवर पाइप आणि पक्कडी.
त्यांनी कुठलंच मशीन लावलं नाही.
गाडी चालू ठेवायला सांगितली,
बॉनेटवर हात टेकून डोळे मिटले.
टक्.
"कॉम्प्रेसर धरतोय."
टक्.
"सोडतोय बी."
मग माझं मनगट धरून
आतल्या जाड पाइपवर टेकवलं.
दचकलोच.
घामेजलेला, आडातल्या कळशीसारखा गार.

"थंड हाय की गाडी. उगंच पैसं घातलासा.
आत एक झडप असत्या, वहीएवढी.
ह्या अंगाला हीटर, त्या अंगाला हे.
ती अडकल्या.
गार हवा रोज तयार होत्या
आन् हीटरावरनं फिरून तुमच्याकडं येत्या."

पुढं दोन तास.
सोहेल सीटवर पाय, खाली डोकं,
टॉर्च दातांत.
शेजारी कुणी गिअर कापत होतं,
लोखंडाच्या निळ्या सुरळ्या पडत होत्या पायाशी.
चहा झाला. पुन्हा चहा झाला.
आईची सुई निघायला पाऊण तास.
घड्याळ बघणारं गिऱ्हाईक कुणाला आवडत नाही,
म्हणून मी ते काढून खिशात घातलं
आणि मग खिसा चाचपत बसलो.

"घावलं!" सोहेल दातांतूनच बोलला.
चिमट्यात धरून आणला
खोबऱ्याचा तुकडा,
अंगठ्याएवढा, शिंगासारखा वाळलेला,
एका कडेला अजून गुलाबी.
इलाहीभाईंनी वास घेतला.
"जोतिबाला गेलतासा?"

तीन वर्षांपूर्वी, चैत्रात.
आई तेव्हा स्वतःच्या पायांनी चढली होती,
माझ्या पुढं.
येताना ओटीतलं खोबरं मोडून
एक तुकडा काचेखाली ठेवला होता, "गाडीला बी",
आणि वर चिमूटभर गुलाल.
नंतर तो कुठल्या खड्ड्यात फटीत गेला,
कुठल्या खड्ड्यात आणखी आत,
कोल्हापूरच्या रस्त्यांनाच ठाऊक.

"पार्ट न्हाई, गॅस न्हाई. पोराचं तीनशे द्या."
तुकडा कागदात बांधून वर म्हणाले,
"टाकायचा न्हाई हं ह्यो."

दवाखान्याच्या दारात गाडी आधीच गार करून ठेवली.
आईला बसवलं, हाताच्या पट्टीला धक्का न लावता,
आणि मोठ्या ऐटीत पंखा चारवर.
जाळी खोकली.
फुस्स करून गुलाल आला,
तिच्या शालीवर, चष्म्यावर, माझ्या पावत्यांवर.
तिनं चष्मा काढून बघितला. बराच वेळ बघितला.
मी पुडी उघडून दाखवली.

"आधी ते बंद कर," ती म्हणाली,
"रक्त धुऊन आलं की हुडहुडी भरती मला."

बंद केलं. तिच्या बाजूची काच खाली घेतली.
दुपारची ऊन हवा आत आली आणि ती सैलावली.
तुकडा तिच्या मुठीत होता.
खोबरं वर्ज्य, डॉक्टरांच्या कागदावर दोन रेघा मारून लिहिलंय,
मी हातच बघत होतो तिचा.
तिनं तो कपाळाला लावला
आणि पुन्हा ठेवला काचेखाली,
नेमका त्याच फटीच्या कडेला.

मी काही बोललो नाही.
बावड्याच्या स्पीडब्रेकरला तेवढी
गाडी पार थांबवली,
मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून दमला.