चिठ्ठीवर नाव

म्हापशाच्या बाजारात, मासळीच्या छपरामागे,
बाबांचं दुकान: दोन हात काच, एक स्टूल, डोळ्याला भिंग.
दुरुस्तीच्या घड्याळाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी,
चिठ्ठीवर फक्त नाव. ना आडनाव, ना पत्ता.
"माणूस परतून येता," म्हणायचे,
"आपलो वेळ कोण सोडटा?"

त्या बंद घड्याळांच्या पेटीत मी अक्षरं शिकले.
दुमिंग, म्हणजे रविवार.
पाश्कोल ईस्टरचा.
बुधो पेडण्याचा, नाव बुधवारचं,
घड्याळ मात्र दर सोमवारी बंद पडायचं.
नतालिया, मोरजीला राहिलेली रशियन,
नावात नाताळ आणि जन्म ऐन जूनमधला
("आजीचं नाव आहे," म्हणाली, "ती थंडीतली होती").
तोकिको नावाच्या एका जपानी बाईने
पावतीच्या पाठीवर अक्षरं काढून दाखवली:
हा काळ, आणि हे त्याचं मूल.
बाबांनी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.
काळाच्या लेकीकडून कसले घ्यायचे!

एका डिसेंबरात दोन चिठ्ठ्यांवर एकच नाव पडलं.
सहर, बांगड्यांच्या गल्लीतल्या यूसुफभाईंची धाकटी,
आणि शाहार, तेल अवीवचा, हणजुण्याला खोली घेतलेला.
बाबांच्या कानाला दोन्ही सारखीच.
पुड्या बदलल्या. चार दिवसांनी
एकाच वेळी दोघं काचेसमोर उभी,
ती त्याचं जाडजूड घड्याळ धरून, तो तिचं नाजूक.
"नावाचा अर्थ काय?" बाबांनी सहज विचारलं.
पहाट, ती म्हणाली.
पहाट, तो म्हणाला.
घसा जरा वेगळा, शब्द तोच.
कुणी काही बोललं नाही.
मागे कोणीतरी बांगड्यांवर, खायच्या बांगड्यांवर, पाणी मारत होतं.
मग आपापली पहाट मनगटावर बांधून
दोघं दोन वाटांनी गेली.

माझं नाव क्षणदा.
बाबांना वाटलेलं, क्षण देणारी.
आठवीत बाईंनी फोड करून सांगितलं: क्षणदा म्हणजे रात्र.
मी जन्मले सकाळी दहाला, आझिलो इस्पितळात, लख्ख उन्हात.
रागाने दुकानात आले, दप्तर आपटलं.
बाबांनी भिंग काढलं नाही.
"रातीचें घड्याळ चड आयकूं येता," एवढंच.

त्यांचं स्वतःचं नाव पुरुषोत्तम. सगळ्यांचे पुरसो.
अधिक भाद्रपदातला जन्म,
पंचांगाने खर्चाच्या हिशेबात वरून टाकलेला महिना,
नेमका तोच परत यायला एकोणीस वर्षं.
म्हणून वय विचारलं की बोटं दाखवायचे: दोन. नंतर तीन.
गेले तेव्हा चौथं लागायला अडीच महिने कमी होते.
दाखल्यावर कारकुनाने पंचाहत्तर लिहिलं.
मी भांडले नाही.

आता स्टुलावर मी.
सेल बदलते, पट्टे विकते, मोबाइलच्या काचा लावते.
पेटीत एकच जुनं किल्लीचं घड्याळ उरलंय,
चिठ्ठीवर बाबांचं अक्षर: कोफी.
"कॉफी?" म्हणून त्यांनी पोराला पाठवलं होतं,
आणि घानाचा तो डाव्या बगलेचा खेळाडू
गरम पेला धरून हसत राहिलेला:
मी शुक्रवारी जन्मलो, आमच्यात वारावरूनच हाक पडते.
बाहेर शुक्रवारचाच बाजार भरलेला,
मिरच्या, मडकी, चवरिसांच्या माळा.
बाबा म्हणाले, मग आज सगळा गाव तुझ्याच नावाने ओरडतोय.

त्या मोसमात त्याचा गुडघा गेला. क्लबने करार मोडला.
घड्याळ न्यायला तो आला नाही.

दर शुक्रवारी दुकान उघडलं की त्याला किल्ली देते.
शनिवारी दिवेलागणीपर्यंत चालतं,
मग अडखळतं, थांबतं.
शनिवारच्या मुलालाही त्याच्या गावात
काहीतरी नाव असेलच.
विचारायचं राहिलं.